माझी गवाही राहिली

ताई, काल दुपारी सुशीलाबहन आली होती. तुझ्या प्रार्थनेतली, रामाकोन्याची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पाणी प्यायली, डोळे पुसले, आणि जाता जाता दारात म्हणाली, "बेबीबाई, या रविवारी कुसुमताईच्या आठवणीची प्रार्थना ठेवली आमी. तुमी तिच्या सख्ख्या बहीण. तुमाले गवाही द्या लागते." मी मान हलवली. मान हलवायची मला सवयच आहे. ती गेल्यावर तशीच ओट्यावर बसून राहिली आणि आत दूध उतू गेलं.

"कायची गवाही? कोन्त्या कोर्टात?" मामीजी खाटेवरून ओरडल्या. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आल्या, बाकी काही धड ऐकू येत नाही, पण या एका शब्दाला त्यांचे कान अजून शाबूत आहेत. का, ते तुला माहीत आहे.

आज तुला जाऊन बारावा दिवस. लोक येतात, बसतात आणि सगळे एकच बोलतात, किती मोठ्या मनाची बाई होती म्हणून. होती ना. माझं तेच तर भांडण आहे तुझ्याशी. तू सगळ्यांना माफ करून गेली. आईला केलं, ती गेल्यावर का होईना. मामीजींना केलं. यांना केलं. एकेकाचं नाव घेऊन केलं, आणि त्यात माझं नाव कधी आलंच नाही. तू विसरली म्हणून नाही. माझ्याकडून माफ करण्यासारखं काही घडलंच नाही अशी तुझी पक्की खातरी होती म्हणून. चोवीस वर्षं मी ती खातरी तशीच राहू दिली. आता रविवारी त्या लोकांसमोर उभं राहून मी काय बोलू, सांग. तुझे गोडवे गायले तर त्यातला एक शब्द खोटा नसणार, पण मी खोटी ठरणार. खरं बोलली तर ज्या नावानं ते मला बोलावून राहिले, सख्खी बहीण, ते नावच माझ्याजवळ राहणार नाही.

तुला मोहगावात दिली तेव्हा मी तेरा वर्षांची होती. तुझ्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणायची. नऊ वर्षं म्हटलं. मग ते माझेच नवरे झाले आणि त्यांना हाक मारायला माझ्याजवळ शब्द उरला नाही. आजही "अहो" म्हणताना जीभ अडखळते. एखाद्या वेळी घाईत भाऊजीच निघतं तोंडातून, मग ते इकडे पाहतात आणि मी तिकडे पाहते.

नऊ वर्षांत तुला पोर झालं नाही. एवढाच तुझा गुन्हा. नागपूरचे दवाखाने झाले, नवस झाले, कोणाचा अंगारा झाला. मग संत्र्याच्या दिवसांत तुला पांढुर्ण्याला आपल्या मामाकडे पाठवलं, मामीच्या बाळंतपणाला. तू वीस दिवस तिथं दुसऱ्याच्या बाळाचे लंगोट धुतले, मामीला शेक दिला, आणि इकडे देवळात पंधरा-वीस माणसांत माझं लग्न लागलं, तुझ्या नवऱ्यासोबत. तू बसमधून उतरून घरी आली, हातात संत्र्याची थैली. चुलीपुढे मी बसली होती, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

तू थैली खाली ठेवली. आईकडे पाहिलं नाही, यांच्याकडे पाहिलं नाही, मामीजी काहीतरी समजावून सांगत होत्या ते ऐकलं नाही. सरळ माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "बेबी, तुले माईत होतं का वं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मले वाटलंच," तू म्हणाली. "तुलेबी फसवलं यायनं." आणि मला पोटाशी धरलं. तुझं सगळं गेलं होतं त्या घटकेला, आणि तू मला धरून माझ्या पाठीवर हात फिरवत होती. त्या बांगड्या तुझ्या कमरेला रुतल्या असतील.

त्यानंतर तू त्या घरात पाणी प्यायली नाही. सौंसरला बाजाराच्या मागे खोली घेतली, फॉल-पिकोची मशीन टाकली. पहिली दोन-तीन वर्षं तुझ्याकडे पाहवत नव्हतं. मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यातून पाणी वाहायचं आणि तुझं तुला कळायचंही नाही, गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, साडीवर डाग पडते. सुशीलाबहन तिथंच भेटली तुला. तिनं उपदेश केला नाही की पुस्तक हातात दिलं नाही. साडीला फॉल लावायला टाकली आणि साडी तयार झाली तरी रोज यायची, "उद्या नेईन" म्हणायची आणि तासभर बसून जायची. महिनाभर त्या एका साडीसाठी आली. हे तूच मला सांगितलं होतं, हसत. म्हणाली, "मले समजून राह्यलं होतं, पन मीबी म्हटलं, येऊ द्या."

मग ते गवाहीचं प्रकरण झालं. हे शाळेत बाबू, सरकारी नोकरीचा माणूस, आणि पहिली जिवंत असताना दुसरी केलेली. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "बाबूजी, तुमच्या मोठ्या बाई रविवारी गवाही देऊन राह्यल्या म्हन्ते, लोधीखेडा रोडवर." आपल्या इकडे गवाही म्हटलं की तहसील, ठाणा, नाहीतर कोर्ट. प्रार्थनेतही गवाही देतात हे आम्हाला कुठून माहीत. यांना वाटलं, गेली आता नोकरी. मामीजींनी दोन दिवस अन्न टाकलं. शेवटी रविवारी आम्ही तिघं आणि सौंसरचा एक वकील, काळा कोट घालून, त्या टिनाच्या खोलीत जाऊन मागं बसलो. रविवारी कोर्ट बंद असतं एवढं त्या वकिलालाही सुचलं नाही. तुमचे पास्टर छिंदवाड्याकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी ढोलकी थांबवली आणि म्हणाले, "अब बहन कुसुम अपनी गवाही देंगी." वकिलानं वही काढली.

तू उभी राहिली. आम्हाला पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि आपल्या भाषेत बोलायला लागली. "माह्या मानसायनं मले दगा देल्ला." नाव कोणाचं घेतलं नाही. "चार वर्सं मी देवाले एकच इचारत होती, का मीच काऊन? मंग या सुशीलाबहननं मले बायबलातून वाचून दाखवलं. प्रभूलेबी त्याच्याच मानसानं धरून देल्लं. दुसमनानं नाई, संग जेवनाऱ्यानं. तवा मले वाटलं, याले माहं दुखनं समजवून सांगा लागत नाई. याले ठाऊक हाये."

एवढंच. दोन मिनिटं. चमत्कार नाही, रोग बरा झाला नाही, स्वप्नात कोणी आलं नाही. बाया डोळे पुसत होत्या. वकील यांच्या कानाशी लागून म्हणाला, "बाबूजी, याच्यात कोन्ती धारा, कोन्तं कलम लागन?" परत येताना जीपमध्ये मामीजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी हसली नाही. संग जेवणाऱ्यानं, हे तू बोलली तेव्हा तुझी नजर, सुट्टी लागली की आईकडून येऊन नऊ वर्षं तुझ्याच ताटात जेवलेल्या माझ्यावरून गेली आणि पुढे निघून यांच्यावर थांबली. माझ्यावर थांबली नाही.

आपली भांडणं तिथून सुरू झाली. अंगणवाडीच्या मीटिंगला सौंसरला आली की मी तुझ्या दुकानात बसायची आणि उकरून काढायची.

"तुले आपले देव पुरत नोते का?"

तू दातानं दोरा तोडला. "पुरत होते वं. पन त्याच देवाईसमोर माहं लगन लागलं, अन् त्याच देवाईसमोर तुहं लागलं. मी त्याईले आता काय म्हनू?"

"लोक म्हन्ते कुसुम बाटली."

"म्हनू दे. मले टेकाले जागा पाह्यजे होती. भेटली."

हे ऐकून मी अजून चिडायची. तुझं ते शांत होणं मला सहन व्हायचं नाही. कसं लिहू, पण खरं आहे, तू रडत होती तोवर मला बरं वाटायचं. तू रडायची, मी तुझ्याजवळ बसून रडायची, आणि वाटायचं आपण दोघी एकाच गाडीत आहोत. तू रडायची थांबली आणि माझं रडणं एकटं पडलं. तुझ्या उशाशी ते मराठी बायबल असायचं, नागपूरहून मागवलेलं. पास्टर हिंदीत शिकवतात मग हे कशाला, मी विचारलं तर म्हणाली, देवासंग भांडाचं असन तर घरच्या बोलीत भांडा लागते. तू कधी भांडली असशील असं मला वाटत नाही. मी असती तर रोज भांडली असती.

माझी मोठी पोरगी झाली तेव्हा तू निरोपाविना आली होती. आत आली नाही, दारात उभी राहून पाच झबली दिली, जुन्या मऊ साडीची. म्हणाली, "शिवन वरतून घातली, लेकराले टोचाले नको." मी ती घेतली. बायका म्हणाल्या, सवत असून पाहा कशी. मी त्या झबल्यांकडे पाहून रडली नाही, ताई. मी घाबरली. पोरगी रांगायला लागेपर्यंत तिला ती घातली आणि प्रत्येक वेळी घालताना शिवणीवरून बोट फिरवून पाहिलं, कुठं काही टोचतं का. काही टोचत नव्हतं. इतकं नीट काम तू केलं होतं माझ्यासाठी, त्याचे आभारही मी धड मानले नाहीत, ते आज मानते.

मग मामीजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा तू पहिल्यांदा घरात आली. त्यांची वेणी घातली, पायाला तेल लावलं, आणि उठताना मला म्हणाली, पाणी दे. वीस वर्षांनी. मी तांब्या दिला, तू उभ्यानंच प्यायली. मामीजींना तोंड लपवायला जागा सापडेना. आपण दोघी मागच्या ओट्यावर बसलो तेव्हा तू म्हणाली, "बेबी, मी सगळ्यायले माफ करून सोडून देल्लं. आता आत काई नाई राह्यलं."

"अन् मले?" मी विचारलं. एकदाच विचारलं आयुष्यात.

"तुले कायचं?" तू हसली. "तू त माह्यासारखीच फसली. सगळे उलटले, पन देवानं माही एक बहीन ठेवली. तेवढ्याच भरवशावर मी त्याच्या दारापावतर पोचली."

हे बोलून तू पदर झटकून बस धरायला निघून गेली आणि मी तिथंच बसून राहिली. यानंतर मी कोणत्या तोंडानं सांगणार होती? तू जिथं टेकली त्या भिंतीत एक वीट माझ्या खोट्याची. ती काढली तर तू पडशील, असं मी स्वतःला समजावलं. आता वाटतं, तुझी काळजी नव्हती ती. मला पोटाशी धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

तर ऐक. मला माहीत होतं. दोन महिने आधीपासून माहीत होतं. आईनं विचारलं तेव्हा मी रडली नाही की नाही म्हटलं नाही. बावीस वर्षांची होती, दोन स्थळं पाहून परत गेली होती, आणि मला भाऊजी आवडायचे. मला तुझं घर आवडायचं, तुझी आरशाची आलमारी, ते तुला ज्या आवाजात हाक मारायचे तो आवाज. मी हो म्हटलं. आणि अजून आहे. तुला घरातून काढायचं कसं, यावर सगळे अडले होते. आई म्हणे देवदर्शनाला पाठवू, मामीजी म्हणे दवाखान्याचं सांगू. मी पोळ्या लाटत होती. मीच म्हटलं, "पांढुर्ण्याच्या मामीचं बाळंतपन हाये ना. ताईले धाडा. ते नाई म्हननार नाई, तिले लेकरं आवडते."

हे मी म्हटलं, ताई. बाकी कोणाला सुचलं नसतं.

नागपूरला दवाखान्यात आठ दिवस मी तुझ्याजवळ होती. सहा दिवस तू शुद्धीवर होती, बोलत होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईची विचारपूस करत होती. रोज दुपारी वॉर्ड जरा निवांत झाला की मी ठरवायची, आज. चौथ्या दिवशी म्हटलंही, "ताई, एक सांगाचं होतं." तू डोळे उघडले, म्हणाली, "सांग." मी तुझ्याकडे पाहिलं. मग म्हटलं, "पंखा कमी करू का?" तू म्हणाली, "कर." मी उठून पंखा कमी केला.

रविवार झाला. हे पुढचं आता घरी येऊन लिहून राहिली.

त्या टिनाच्या खोलीला आता स्लॅबचं छत झालं आहे. तुझा फोटो लावला होता, आधार कार्डवरचा मोठा केलेला, त्यात तू रागावलेली दिसते, आयुष्यात दिसली नाही तशी. मामीजींनी येऊ दिलं नसतं म्हणून मी अंगणवाडीतल्या पोलिओच्या डोसाचं सांगून निघाली, पण हे फाटकाशी गाडी घेऊन उभेच होते. तुला माती दिल्यावर हे एकटेच मागं थांबले होते ते मी पाहिलं होतं, म्हणून नको म्हटलं नाही. हे मागं जाऊन बसले. सुशीलाबहन बोलली, अजून तीन बाया बोलल्या. कुसुमताईनं अमकीची साडी फुकट शिवून दिली, तमकीच्या पोरीला मशीन शिकवली. मग पास्टर म्हणाले, "अब बहन कुसुम की सगी बहन."

मी उभी राहिली. वर जे लिहिलं त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "माह्या ताईले वाटे का मी फसली. मी फसली नोती. मी फसवलं." आणि सगळं सांगितलं, त्या पोळ्या लाटण्यापर्यंत. बोलता बोलता हे उठून बाहेर गेले, चपला घालायचा आवाज आला. यांनाही ते माहीत नव्हतं, पांढुर्ण्याचं कोणी सुचवलं ते. मी थांबली नाही.

मग सुशीलाबहन उठली, रडतच आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "प्रभूनं तुमाले माफ केलं, बेबीबाई. ताईनंबी केलंच असन." मागून कोणी आमेन म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हटलं. म्हाताऱ्या बाया, ढोलकीवाला, पोरीसोरी, सगळे आमेन.

मला इतका राग आला, ताई. मी तिचे हात अंगावरून काढले. "तुमी कायले माफ करता?" मी म्हटलं. "तुमचं काय गेलं? तुमी उतरल्या का त्या बसमधून?" माझा आवाज चढला होता. पास्टरांना सगळं समजलं नसेल, पण ते खाली पाहायला लागले. मला वाटलं आता हे लोक मला बाहेर काढतील, आणि काढावं असंच वाटत होतं.

सुशीलाबहननं चष्मा काढून पुसला. "खरं हाये तुमचं," ती म्हणाली. "थे आमचं देनं नाई. तिलेच मांगा लागन." एवढं बोलून ती आपल्या जागी जाऊन बसली, आणि त्यांनी पुढचं गाणं सुरू केलं. मला कोणी हाकललं नाही. मी सगळं संपेपर्यंत भिंतीला टेकून बसून होती. देवाशी काही बोलली नाही. तो तुझा, तुझी त्याची ओळख आहे, माझी अजून नाही.

म्हणून तुलाच मागून राहिली. तो तिथं तुझ्याजवळ बसला असेल तर त्याला म्हण, थोडा वेळ तिकडे हो, हे आमच्या दोघींचं आहे. आणि लगेच माफ करू नको. तुला माफ करायची फार घाई असते. आधी नीट ऐकून घे, मी काय म्हटलं होतं ते, तिले लेकरं आवडते म्हणून. मग चिड. माझ्यावर एकदा तरी चिड, ताई. त्या दिवशी चुलीपुढे मला पोटाशी धरलं त्याच्या जागी एक ठेवून द्यायची होती कानाखाली, ती आता दे. तुझा हक्क आहे तो. मोठी बहीण आहे तू माझी.